न गळणारा रॅक

टेलरने शिडी बांधली ती नाडीच्या गाठीने. यात त्याचा दोष फारसा नव्हता. ज्याची उभी हयात पायजमे शिवण्यात गेली, त्याला गाठीचा एकच गुण ठाऊक : वेळ आली की ती झटकन सुटली पाहिजे. ही गाठ झटकन सुटली. वेळ तेवढी चुकीची होती.

गाडी होती त्याच्या साडूची. मागे उघडा हौदा असलेला, वयाने थकलेला छोटा टेम्पो. हौद्यातून अर्धी बाहेर आणि टपावर टेकवलेली अॅल्युमिनियमची लांब शिडी, तिच्या शेपटाला लाल फडकं. चौकात दिवा लाल झाला, साडूने ब्रेक दाबला, आणि शिडी जी निघाली ती टपावरून सरसरत पुढे जाऊन समोरच्या वाळूच्या ट्रकमध्ये अलगद पहुडली. कोणाला खरचटलं नाही की कुठे काच तडकली नाही. शिडीने जणू तिथे जागा राखूनच ठेवली होती. तेवढ्यात दिवा हिरवा झाला आणि वाळूचा ट्रक शिडीसकट चालता झाला.

साडूने मान वळवून टेलरकडे पाहिलं. टेलर म्हणाला, गाठ चांगली होती, दोरीच बुळबुळीत निघाली.

हा साडू म्हणजे वायसर. आईबापांनी ठेवलेलं नाव वेगळं होतं, पण ते बायकोलासुद्धा क्षणभर आठवावं लागे. धंदा प्लंबरचा. बुटका, वाटोळा, मधोमध जरा मऊ, आणि जिथे गळतंय तिथे नेमका जाऊन बसणारा. त्याला दुसरं काय म्हणणार? बोलणं थेंबाथेंबाने. गिऱ्हाइकाने बाथरूमचा इतिहास सांगायला सुरुवात केली, की हा भिंतीला कान लावून डोळे मिटायचा. गिऱ्हाइकाला वाटे भिंत ऐकतोय. खरं म्हणजे त्याला गिऱ्हाईक ऐकायचं नसे.

साडू हे नातंच मोठं चमत्कारिक. भाऊ देवाने दिलेला असतो, मित्र आपण निवडलेला असतो. साडू मात्र बायकोच्या बहिणीने पसंत करायचा आणि आपण जन्मभर निभवायचा. त्यातून टेलर थोरलीचा नवरा, म्हणून मानाने मोठा. वायसर धाकटीचा नवरा, पण वयाने मोठा. मोठेपणाचा हा हिशेब इतक्या वर्षांत सुटला नव्हता, म्हणून दोघे एकमेकांना ‘साडूभाऊ’ आणि ‘तुम्ही’ म्हणत आणि त्या आदराच्या आडून हवं ते बोलत.

वायसर या घराण्यात आला तोही तोटीतूनच. सासऱ्यांच्या मोरीतली एक तोटी गळायला लागली, म्हणून त्याला बोलावलं. त्याने दुरुस्त केली. आठवड्याने पुन्हा गळाली. पुन्हा आला. पुन्हा गळाली. सासऱ्यांचं मत पडलं की तोटी भिकार आहे. थोरलीचं मत पडलं की प्लंबर भिकार आहे. धाकटीने मत दिलं नाही, कारण वडील कामावर गेले की तोटीचा नट पान्ह्याने सैल करणारी तीच होती. वायसरला हे दुसऱ्याच खेपेला कळलं होतं, असं तो म्हणतो. मग बोलला का नाहीस, असं विचारलं तर म्हणतो, ‘गिऱ्हाईक चांगलं होतं.’

लग्नानंतर मात्र त्याच्या हातचा कुठलाही सांधा गळाला नाही. ही त्याची एकुलती एक अहंता. सुताचा धागा पाईपाच्या टोकाच्या आट्यांवर गुंडाळायचा, वर सफेदा फासायचा आणि पान्ह्याने असा आवळायचा, की पाईप गंजून माती होईल पण सांधा हलणार नाही. सवय इतकी हाडीमाशी खिळलेली, की घरातली पाईपाची प्रत्येक वस्तू तो तशीच करी. कपडे वाळत घालायचा घोडा पाईपाचा, पुस्तकांची मांडणी पाईपाची. सासूबाई सासऱ्यांच्या मागे धाकटीकडे राहायला आल्या आणि गुडघ्यांनी दगा दिला, तेव्हा त्यांना चालायला आधाराची चौकट केली तीही लोखंडी पाईपाची, एल्बो न् टी असे जोड लावून, सूत-सफेद्यासकट. त्या चौकटीतून पाणी सोडलं असतं तर एक थेंब सांडला नसता. सासूबाई म्हणायच्या, उचलता येत नाही मेली, पण गळत नाही एवढं खरं.

तर, शिडी गेली. पण शिडीवर वायसरने स्वतःचा फोन नंबर मोठ्या लाल आकड्यांत रंगवून ठेवला होता, आणि दुपारी फोन आला. गावाबाहेर मोठी इमारत उभी राहत होती, तिथे वाळू उतरली आणि वाळूबरोबर शिडीही. फोन करणारा तिथला सुपरवायझर. गळ्यात शिट्टी, डोक्यावर हेल्मेट, आणि चेहरा असा की जगात सगळे जण कुठून तरी पडायच्या बेतात आहेत. कामगार त्याला पाठीमागे शिट्टीच म्हणत.

वायसर आणि टेलर शिडी आणायला गेले. शिट्टीने आधी अर्धा तास व्याख्यान दिलं, दोरी, गाठ आणि मनुष्यस्वभाव या विषयांवर. टेलरने मान खाली घालून ऐकलं. वायसरने भिंतीला कान लावला. लावला तो लावला आणि म्हणाला, ‘ही आतून गळतेय.’

खरंच गळत होती. आधीच्या प्लंबरने सांधे नुसते फिरवून ठेवले होते आणि तो बाकीचे पैसे घेऊन दुसऱ्या गावी अंतर्धान पावला होता. शिट्टीचा आवाज एकदम खाली आला. सगळ्या मजल्यांचं काम होतं, वर्षभर पुरणारं. वायसरचा आजवरचा मोठ्यात मोठा पराक्रम म्हणजे एका लॉजच्या सोळा मोऱ्या. त्याने भिंतीला लावलेला कान काढून शिट्टीकडे वळवला, हे टेलरने स्वतः पाहिलं.

पण शिट्टी शेवटी शिट्टीच. काम देतो म्हणाला, फक्त असल्या बांधाबांधीची गाडी या फाटकातून आत येणार नाही. गाडीवर पक्का रॅक पाहिजे. शिडी आणि पाईप त्याच्यावर, पट्ट्यांनी आवळलेले. सोमवारी सकाळी आठच्या आत रॅक दिसला तर काम तुमचं. नाहीतर त्याने आणखी एका प्लंबरला नऊला बोलावलं होतं.

घरी आल्यावर वायसर धाकटीला म्हणाला, वर्षभराचं काम आहे. धाकटीने हातातलं भांडं खाली ठेवलं. लग्नापासून ती एकच गोष्ट मागत होती : दर महिन्याला ‘या महिन्यात काय’ असं विचारावं लागू नये.

तयार रॅक विकत घेण्याइतके पैसे कोणाकडेच नव्हते आणि वेळही नव्हता. पण वायसरच्या मागच्या अंगणात, पत्र्याच्या शेडखाली, उरलेले लोखंडी पाईप होते, फ्लँज होते, एल्बो होते, टी तर पोत्याने होत्या. रॅक म्हणजे तरी काय, वायसर म्हणाला, पाणी नसलेली पाईपलाईनच.

मापं घ्यायला टेलर पुढे सरसावला. शिडी आपल्यामुळे गेली, तेव्हा निदान मापं तरी आपण घ्यावीत, असं त्याला मनापासून वाटत होतं; आणि मनापासून वाटून केलेल्या कामांनीच जगात सर्वात जास्त घोटाळे होतात. त्याने गळ्यातली टेप काढली, कानामागची पेन्सिल काढली आणि गाडीभोवती दोनदा फिरला. वायसरने त्याला अडवलं नाही. नळ सोडून बाकी जगातलं माप टेलरच घेतो, अशी त्याची समजूत होती.

माप नाजूक होतं. अंगणातून रस्त्यावर जायला दोन घरांच्या मधून एक बोळ, आणि बोळावर आडवी तुळई टाकून बांधलेली वरच्या मजल्यावर राहणाऱ्या शेजारी काकांची खोली. या तुळईखालून गाडी जायला हवी, डोक्यावर रॅक घेऊन आणि रॅकवर शिडी घेऊन. रॅक फार ठेंगणा करावा तर गाडीच्या टपाला लागणार, उंच करावा तर काकांच्या तुळईला. टेलरने जमिनीपासून तुळई मोजली, जमिनीपासून हौदा मोजला, शिडीची जाडी मोजली, सगळं वजा केलं आणि वर दोन बोटं ढील सोडली. कुठल्याही कपड्याला दोन बोटं ढील सोडावी, हे त्याच्या गुरूने शिकवलेलं पहिलं तत्त्व.

मग दोन दिवस नुसता आवाज. वायसर पाईप कापी, आटे पाडी, सूत गुंडाळी, सफेदा फाशी आणि हातभर लांब पान्ह्याला लोंबकळून सांधा आवळी. टेलर पाईपाचं दुसरं टोक धरी आणि पान्ह्याबरोबर स्वतःही फिरे. त्याने एकदा सुचवलं, की यातून पाणी जाणार नाही, तेव्हा सूत-सफेद्याशिवाय चाललं नसतं का? वायसरने त्याला विचारलं, की मेलेल्या माणसाला कोट शिवायचा झाला तर तुम्ही काजं करणार नाही का? टेलरने थोडा विचार केला. करणार होता. तो विषय तिथेच संपला.

वरचे काका मधूनमधून खिडकीतून डोकं काढून आवाजाबद्दल तक्रार करत. काका नोकरीतून मोकळे झाल्यापासून तक्रारच करत. ते त्यांचं फिरायला जाणं होतं.

रविवारी संध्याकाळी रॅक उभा राहिला. चार कोपऱ्यांना चार खांब, वर दोन लांब आडवे, मध्ये दांड्या, सगळ्याला रुपेरी रंग. सासूबाई चौकट टेकत येऊन पाहून गेल्या आणि म्हणाल्या, चांगलाय, वेल चढवा. थोरली आली होती, ती म्हणाली, आमच्यांनी माप घेतलंय, चुकायचं नाही. टेलरने नम्रपणे टेप गळ्यात घातली. बायको चारचौघांत असं बोलण्याचे प्रसंग त्याच्या वाट्याला फार येत नसत.

सोमवारी सकाळी शिडी वर चढली, प्लास्टिकचे नवे पाईप वर चढले, पट्ट्या आवळल्या. वायसरने धुतलेला शर्ट घातला होता. गाडी शेडमधून निघाली, बोळात शिरली, आणि तुळईखाली येताच ठण्ण असा आवाज झाला.

वर काकांच्या खोलीत काहीतरी पडलं आणि फुटलं.

वायसर खाली उतरला. टेलर टेप घेऊन धावला. तुळई जागच्या जागी होती. रॅक होता तेवढाच होता. गाडीच वर आली होती. आणि मग टेलरला आठवलं. त्याने माप घेतलं तेव्हा हौद्यात कुठल्याशा जुन्या बिल्डिंगमधून काढलेले बिडाचे पाईप आणि फुटकी बेसिनं काठोकाठ भरलेली होती. ते भंगार शनिवारीच भंगारवाला घेऊन गेला, आणि ओझ्याने दबलेल्या स्प्रिंगच्या पाट्यांनी कमरेत वाकलेल्या गाडीने सुखाचा श्वास सोडून पाठ ताठ केली.

तीस वर्षं टेलर नव्या पोरांना एकच गोष्ट बजावत आला होता : टेप लावली की गिऱ्हाईक पोट आत घेतं, तेव्हा आधी त्याला बोलतं करा, श्वास सोडू द्या, आणि मग माप घ्या. तो आजवर एकाही पोटाला फसला नव्हता. टेम्पोला फसला.

त्याने हे सगळं वायसरला सांगितलं, कारण न सांगून उपाय नव्हता. वायसरने ऐकून घेतलं आणि पान्हा आणला. सांधे सोडायचे आणि खांबांच्या जागी शेडमधले चार बोटं आखूड, आटे पाडलेले तुकडे लावायचे, एवढंच. त्याने पहिल्या सांध्याला पान्हा लावला आणि जोर केला. सांधा हलला नाही. तो लोंबकळला. टेलर त्याच्यावर लोंबकळला. सांधा हलला नाही. त्याने दुसरा सांधा पाहिला, तिसरा पाहिला. त्याच्या चेहऱ्यावर एकाच वेळी घोर काळजी आणि घोर समाधान दिसायला लागलं.

टेलर म्हणाला, शिडी उतरवू; वायसर म्हणाला, शिडी नसली तरी नुसता रॅकही तुळईला अडतोय. टेलर म्हणाला, करवत घ्या. वायसर म्हणाला, कापलं की नवे आटे पाडायला दुपार होईल, आणि शिट्टीला कापलेला रॅक दाखवून काय उपयोग? टेलर म्हणाला, टायरांतली हवा काढू. वायसरने विचारलं, हवा भरणारा दहाला दुकान उघडतो, तोवर फुंकर तुम्ही घालणार का? टेलर म्हणाला, हौद्यात पिंपं ठेवून पाणी भरू. यावर धाकटी म्हणाली, पाणी कालपासून आलेलं नाही. प्लंबरच्या घरचा नळ; त्याच्याकडे कोण बघणार?

वायसर बोळाच्या भिंतीला टेकला. घड्याळाकडे पाहिलं नाही. धुतलेल्या शर्टाची बाही मात्र हळूहळू वर गुंडाळायला लागला, म्हणजे आज कामाला जायचं नाही असं स्वतःला समजावत असल्यासारखा.

तेव्हा धाकटीने हौद्याचं मागचं फळकूट खाली पाडलं आणि वर चढून बसली. कोणी काही म्हणायच्या आत तिने रात्री मुक्कामाला राहिलेल्या थोरलीला हात दिला. थोरली चढली. गाडी जराशी वाकली. ‘आई, चल,’ धाकटी म्हणाली. सासूबाईंनी आधी विचारलं की कुठे, मग विचारलं की का, आणि कारण कळल्यावर म्हणाल्या, की आजवर जावयांनी बरंच काही म्हटलं, पण वजन म्हणून मोजलं नव्हतं. तरी त्यांना खुर्चीसकट वर घेतलं, चौकटीसकट. चौकटीने त्यांच्याहून जास्त काम केलं. टेलर सर्वात शेवटी चढला. तो चढल्याचं गाडीला कळलं नाही. बोटभर अंतर अजून बाकी होतं.

याच वेळी वरचे काका भांडायला खाली आले. बनियनवर, हातात फुटलेल्या कपाचा कान. ते रेल्वेचं इंजिन सुटावं तसे सुटले : दोन दिवस झोप नाही, सकाळी उठून पाहतो तर चहा जमिनीवर, हे घर आहे का कारखाना. काका देहाने भरदार होते. वायसरने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, टेलरकडे पाहिलं, आणि म्हणाला, ‘काका, जरा वर बसून बोलता का?’

काकांना गेल्या कित्येक वर्षांत कोणी बसून बोला असं म्हटलं नव्हतं. ते बोलता बोलता चढले. गाडी वाकली. वायसरने ती इंचाइंचाने पुढे घेतली. रॅकवरच्या शिडीने तुळईला हलकेच खाजवलं, आणि गाडी रस्त्यावर आली.

बेत असा होता की इथे सगळ्यांना उतरवायचं. पण सासूबाईंना चौकटीसकट उतरवायला वेळ गेला असता, आठ वाजत आले होते, आणि रस्ता उताराचा होता. वायसर थांबलाच नाही. रुपेरी पिंजऱ्यात बसून दोन बहिणी, खुर्चीवर सासूबाई, बनियनवर काका आणि गळ्यात टेप घातलेला एक काटकुळा इसम भर बाजारातून निघाले. लोक थबकून बघत होते. सासूबाईंनी दोघातिघांना हातही केला. काकांची तक्रार शेजाराच्या चौथ्या वर्षापर्यंत आली होती.

फाटकाशी शिट्टी उभाच होता. त्याने आधी वर पाहिलं. शिडी, पाईप, पट्ट्या; मान हलवली. मग खाली पाहिलं आणि शिट्टी तोंडात घेऊन वाजवायला विसरला.

‘हौद्यात माणसं आणायची नाहीत,’ तो म्हणाला. ‘हा तर पहिला नियम. ही माणसं कशाला?’

‘माणसं नाहीत,’ वायसर म्हणाला. ‘वजन आहे.’

टेलरला वाटलं, संपलं सगळं. शिट्टीने खिशातून फोन काढला. तो नऊवाल्याला लवकर बोलावणार हे स्पष्ट होतं. धाकटी कोणाकडेच बघत नव्हती. टेलर पोट, श्वास आणि ढील यांबद्दल काहीतरी सांगायला उठला, डोकं रॅकच्या दांडीवर आपटलं आणि खाली बसला. रॅक हूं की चूं करेना.

पण काकांना श्रोता मिळाला होता, आणि हेल्मेटवाला, म्हणजे अधिकारी दिसत होता. ते खाली उतरून थेट शिट्टीसमोर जाऊन उभे राहिले. म्हणाले, तुम्हीच यांचे साहेब का? मग ऐका. हा माणूस दोन दिवस पान्हा घेऊन ठोकतोय. आज भल्या पहाटे स्वतःचाच सांधा खोलायला लोंबकळला, त्याचा साडू त्याच्यावर लोंबकळला, माझं अख्खं घर हललं, पण सांधा सुटेना. माझ्या मोरीतला नळ याने बसवला, तो बदलायचा म्हटलं तर भिंत फोडावी लागली. असल्या माणसाला काम देता तुम्ही? याचं एकदा बसवलेलं काही निघतच नाही.

शिट्टीने फोन कानापासून खाली घेतला.

‘निघतच नाही?’

काका म्हणाले, विचारा त्यालाच. शिट्टी गाडीजवळ आला. रॅकचा खांब दोन्ही हातांनी धरला, हलवला, मग पाय उचलून लोंबकळला. त्याचं हेल्मेट पडलं. त्याने सांध्यावरून बोट फिरवलं. सुताचा धागा हाताला लागला. रॅकला सूत का लावलंय, असं त्याने विचारलं. आतली ओली भिंत तिथूनही दिसत होती, आणि त्याने तिच्याकडे पाहिलं.

मग त्याने काकांना बजावलं, की इथे आवाज करायचा नाही. सासूबाईंची खुर्ची सावलीत ठेवायला सांगितलं. सगळ्यांना फाटकाबाहेर उतरवलं, पुन्हा हौद्यात माणूस दिसला तर बघून घेईन म्हणाला, आणि फाटक उघडलं. काका चिडून म्हणाले, या देशात तक्रारीला किंमतच नाही.

धाकटीने नवऱ्याची वर गुंडाळलेली बाही सोडून सरळ केली. एवढंच. टेलरने तिकडे पाहायचं टाळलं आणि गाडीच्या खिडकीशी आला. त्याच्या मनावरचं ओझं उतरलं होतं, आणि ओझं उतरलं की माणसाला भलभलत्या गोष्टी सुचतात. तो म्हणाला, साडूभाऊ, चूक माझी आहे. तेव्हा येत्या रविवारी खांब कापून चार बोटं आखूड करू, नवे आटे पाडू, पाहिजे तर मी दिवसभर पान्हा धरतो. नाहीतर रोज बोळातून गाडी काढायची कशी?

वायसरने आरशातून आपला रॅक पाहिला. मग गिअर टाकला.

‘उद्यापासून सकाळी येताना पोटभर जेवून या.’